रत्नागिरी–मंडाले मैत्रीचा लिफाफा काढायचा असेल तर

रत्नागिरीतील एका शाळेत इतिहास मंडळ चालवणाऱ्या शिक्षिकेने विचारले आहे की, त्यांच्या विद्यार्थ्यांचा मंडाले येथील एका शाळेतील मुलांशी गेली दोन वर्षे पत्रव्यवहार चालू आहे. त्याची आठवण म्हणून ‘भगिनी शहरे : रत्नागिरी आणि मंडाले’ असे एखादे टपाल तिकीट किंवा स्मरणलिफाफा काढता येईल का, त्यासाठी कोणाकडे जावे लागेल, आणि आपल्या दमट हवेत तो टिकवायचा कसा. सोबत त्यांनी सासरच्या जुन्या ट्रंकेत सापडलेल्या एका लिफाफ्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे पाठवली आहेत आणि त्याला काही मोल आहे का, असेही विचारले आहे.

बाई, आपण जो प्रश्न शेवटी घातला आहे, त्यापासून मी सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांची बरीचशी उत्तरे मला त्या जुन्या लिफाफ्यातच दिसतात.

छायाचित्रात बदामी पडलेला एक साधा लिफाफा आहे. उजव्या कोपऱ्यात पंचम जॉर्ज राजाचे मुखचित्र असलेले हिंदुस्थानचे तिकीट आहे आणि त्यावर काळ्या शाईत, रोमन लिपीत, ‘बर्मा’ अशी अक्षरे वेगळी छापलेली आहेत. शिक्का मंडालेचा असून तारीख ९ ऑगस्ट १९३७ ही आहे. पाठीवर रत्नागिरीचा पोचशिक्का आहे, १८ ऑगस्टचा. पत्ता इंग्रजीत लिहिला आहे. मात्र डाव्या कडेला, उभी, मोडीत लिहिलेली एक बारीक ओळ आहे. ती छायाचित्रावरून मला पुरती लागली नाही, पण एखाद्या मोडी जाणकाराकडून ती अवश्य वाचून घ्यावी.

आता त्या ‘बर्मा’ या अक्षरांचा अर्थ. ब्रह्मदेशाचा कारभार हिंदुस्थानचा एक प्रांत म्हणून चालत होता, तोवर तिथे आपलीच तिकिटे चालत असत. १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून कारभारदृष्ट्या वेगळा करण्यात आला. त्या दिवशी नव्या देशाकडे स्वतःच्या चित्राची तिकिटे नव्हती, म्हणून हिंदुस्थानच्या तिकिटांवर नवे नाव छापून काम भागवण्यात आले. पंचम जॉर्ज जानेवारी १९३६ मध्येच निवर्तला होता, तरी तिकिटांवरचा चेहरा त्याचाच राहिला. पुढे १९३८ मध्ये ब्रह्मदेशाची स्वतःच्या चित्रांची तिकिटे निघाली. म्हणजे ही ‘छापील नावाची’ तिकिटे नवी म्हणून चालली तो काळ फार थोडा होता, आणि आपला लिफाफा त्या काळातल्या पाचव्या महिन्यातला आहे. आदल्या वर्षी तेच पत्र एका देशातल्या दोन गावांमधले पत्र ठरले असते. या लिफाफ्यात ते एका देशातून दुसऱ्या देशात आले आहे. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद असत, त्यामुळे मुंबईहून पुढे ते बहुधा घाटावरून कोल्हापूरमार्गे उतरले असावे. तरीही ते नऊ दिवसांत पोचले.

पैशांत मोजायचे तर याचे मोल फार नाही, कारण कमी किमतीची ही तिकिटे आजही सहज मिळतात. परंतु मंडालेचा निघण्याचा आणि रत्नागिरीचा पोचण्याचा, असे दोन्ही शिक्के स्पष्ट वाचता येणारा एकही लिफाफा माझ्या चाळीस वर्षांच्या संग्रहात नाही. तेव्हा तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नका, कात्रीने कोपरा कापू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. सुटे तिकीट वहीत चिकटवले की ते त्या मालिकेतल्या हजारो तिकिटांपैकी एक होते. लिफाफ्यावर असेपर्यंत मात्र ते एका माणसाने, एका दिवशी, एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवलेल्या निरोपाचा पुरावा असते.

मैत्रीच्या स्मरणलिफाफ्याविषयी मला जे सांगायचे आहे, त्याचे मूळ इथेच आहे. जो लिफाफा खरोखर टपालाने एका गावाहून दुसऱ्या गावी गेला, तोच मैत्रीचा लिफाफा. जो छापून, शिक्का मारून, पाहुण्यांच्या हाती देऊन तिथल्या तिथे कपाटात गेला, तो एक सुबक निमंत्रणपत्रिकेसारखा कागद आहे. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचेच अधिक निघतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नावाविषयी आधी सांगतो, कारण एकदा छापले की ते पुसता येत नाही. ‘भगिनी शहर’ हा शब्द दोन नगरपालिकांनी किंवा महापालिकांनी रीतसर ठराव करून, करारावर सह्या करून जोडलेल्या नात्याला वापरतात, आणि परदेशी शहराशी असा करार करायचा तर आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालयाची संमती लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कल्पना विशेष फोफावली. १९५० मध्ये जर्मनीतील लुडविग्सबुर्ग आणि फ्रान्समधील माँबेलियार या दोन शहरांनी, ज्यांचे देश पाच वर्षांपूर्वी एकमेकांशी लढत होते, असे नाते जोडले. १९५५ मध्ये अमेरिकेतील सेंट पॉल आणि अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेले जपानचे नागासाकी यांचे नाते जुळले. मुंबईचे योकोहामाशी नाते १९६५ पासूनचे आणि स्टुटगार्टशी १९६८ पासूनचे आहे. रत्नागिरी आणि मंडाले यांच्यात असा करार झाल्याचे आपल्या पत्रात कुठेही म्हटलेले नाही. करार झालेला नसेल, तर ‘भगिनी शहरे’ असे छापू नये; टपाल खात्याकडून त्यावर आक्षेप येईल, आणि तो योग्यच असेल. ‘रत्नागिरी–मंडाले ऋणानुबंध’ असे लिहावे. आपल्या भाषेतला हा शब्द इथे नेमका बसतो, कारण या दोन गावांचे देणेघेणे खरोखरच जुने आहे.

ते देणेघेणे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच, तरी लिफाफ्यावरील मजकुरासाठी नीट मांडतो. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले, थिबा राजाला पदच्युत केले आणि १८८६ मध्ये त्याला सहकुटुंब रत्नागिरीत आणून ठेवले. आधी तो इथल्या बंगल्यांत राहिला. आज आपण ज्याला थिबा पॅलेस म्हणतो, ती वास्तू १९१० मध्ये पुरी झाली आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा इथेच वारला. त्याची समाधी इथेच आहे. उलट दिशेने पाहिले तर, १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेच्या तुरुंगात गेले. ‘गीतारहस्य’ तिथे लिहिले गेले आणि १९१४ मध्ये ते परतले. म्हणजे साधारण सहा वर्षे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत, असे दोघे एकाच सरकारचे कैदी होते. त्याच्याही आधी, १८५८ मध्ये, दिल्लीच्या बहादूरशहा जफरला त्याच सरकारने रंगूनला धाडले होते.

हे सगळे खरे आहे आणि मजकुरात यायलाच हवे. परंतु स्मरणलिफाफ्याचे मुख्य चित्र म्हणून थिबा पॅलेस घ्यावा असे मी सुचवणार नाही, जरी तुमच्याकडे पहिली सूचना तीच येईल. मंडालेच्या मुलांच्या दृष्टीने ते चित्र त्यांच्या शेवटच्या राजाच्या बंदिवासाचे घर आहे. त्याखाली ‘मैत्री’ असे लिहिणे मला जड जाते. टिळकांच्या बाबतीत आपल्यालाही तसेच वाटेल: मंडालेच्या कुणी तुरुंगाचे चित्र छापून आपल्याला शुभेच्छा पाठवल्या, तर आपण ते कौतुकाने घेऊ, पण आत कुठेतरी टोचेल. राजा पहाऱ्यात आला, टिळक पहाऱ्यात गेले. १९३७ चे ते पत्र मात्र कुणीतरी आपल्या मर्जीने लिहिले, आठवण झाली म्हणून लिहिले. म्हणून लिफाफ्याच्या डाव्या बाजूला त्या जुन्या लिफाफ्याचेच चित्र छापावे: तिकीट, मंडालेचा शिक्का आणि त्याच्या शेजारी रत्नागिरीचा पोचशिक्का. पत्त्यातील व्यक्तीचे नाव झाकावे, गावाचे नाव ठेवावे. पाठीवरच्या मजकुरात राजा आणि टिळक या दोघांचा उल्लेख प्रत्येकी दोन ओळींत, तारखांसह आणि विशेषणांशिवाय यावा.

आता काय काढता येईल ते पाहू. टपाल तिकीट, म्हणजे देशभर विकले जाणारे स्मारक तिकीट, हे केंद्राच्या पातळीवर ठरते. प्रस्ताव फार आधी पाठवावा लागतो, सल्लागार समितीपुढे जातो आणि एका शाळेच्या मंडळाला ते मिळण्याची शक्यता नसल्यातच जमा आहे. दोन देशांनी मिळून एकाच विषयावर काढलेली संयुक्त तिकिटे हा तर सरकारांमधला व्यवहार. २०१७ मध्ये भारत आणि पोर्तुगाल यांनी दांडिया आणि तिकडचे काठ्यांचे नृत्य यांची जोडी काढली. २०१९ मध्ये भारत आणि दक्षिण कोरिया यांनी राणी सुरीरत्ना, म्हणजे कोरियन परंपरेतील हो ह्वांग-ओक, हिच्यावर तिकिटे काढली, आणि त्यामागे अयोध्या आणि गिम्हे या दोन शहरांचे नाते आहे. ती तिकिटे मिळवून मुलांना दाखवा, पण त्या वाटेने जाऊ नका.

‘माय स्टॅम्प’ ही दुसरी वाट. २०११ पासून टपाल खाते ही सोय देते. तिकीट खात्याचेच असते आणि त्याला जोडलेल्या कोऱ्या भागावर आपले चित्र छापून मिळते. मी पाहिलेल्या पत्र्यांत, म्हणजे तिकिटांच्या अखंड शीटमध्ये, पाच रुपयांची बारा तिकिटे असत आणि पत्र्याची किंमत तिकिटांच्या दर्शनी किमतीच्या कितीतरी पट असे. शाळेच्या बोधचिन्हाचा एखादा पत्रा हौसेने काढायला हरकत नाही. मात्र ते तिकीट आपले नसून फक्त शेजारचे चित्र आपले आहे, हे मुलांना समजावून सांगावे.

आपल्या कामाची वाट तिसरी: विशेष आवरण, म्हणजे एखाद्या प्रसंगासाठी छापलेला लिफाफा, ज्याला संग्राहक बोलताना ‘स्पेशल कव्हर’ म्हणतात, आणि त्यासोबतचा विशेष विरूपण शिक्का, म्हणजे तिकीट रद्द करण्यासाठी त्या एका दिवसापुरता घडवलेला सचित्र ठसा. याची परवानगी परिमंडळाच्या, म्हणजे टपाल खात्याच्या राज्यपातळीवरील कार्यालयाच्या, पातळीवर मिळते. आपला रत्नागिरी डाक विभाग महाराष्ट्र परिमंडळात, पण पणजीच्या गोवा क्षेत्राखाली येतो. म्हणून अर्ज रत्नागिरीच्या डाकघर अधीक्षकांकडे द्यावा, तेथून तो पणजीला आणि पुढे मुंबईला मुख्य पोस्टमास्टर जनरल यांच्याकडे जाईल. अर्जासोबत विषयाची एक पानी टिपणी, प्रत्येक तारखेचा आधार, लिफाफ्याचा आणि शिक्क्याचा आराखडा, आणि शाळेच्या व्यवस्थापनाचे पत्र जोडावे. शुल्क आणि छपाईचा खर्च मागणाऱ्याने सोसायचा असतो. सध्याचा दर अधीक्षक कार्यालयात लेखी विचारून घ्या, कारण तो बदलत राहतो. कार्यक्रमाच्या आधी किमान चार महिने अर्ज पोचलेला असावा. मी एकदा सहा आठवडे आधी गेलो होतो आणि पाहुण्यांच्या हातात कोरा लिफाफा द्यावा लागला होता. ठसा तीन दिवसांनी आला.

शिक्क्याच्या आराखड्याविषयी एक सूचना. ठसा अंगठ्याएवढा असतो, म्हणून त्यात छायाछटा, बारीक जाळी, चेहरे काही टिकत नाही. शाई बसली की सगळे काळे होते. जाड रेषेचे एकच चित्र द्यावे. दोन अर्धवर्तुळे, एकात थिबा पॅलेसच्या कोरीव अर्धगोल खिडकीची चौकट आणि दुसऱ्यात मंडालेच्या राजवाड्याच्या तटावरील लाकडी मनोऱ्याची उतरती छपरे, एवढे पुरे. इथे पॅलेसची खिडकी मला चालते, कारण खिडकी ही दोन्हीकडून पाहायची वस्तू आहे. भोवती तारीख, ‘रत्नागिरी ४१५६१२’ आणि विषयाचे नाव. झेंडे घेऊ नयेत. म्यानमारचा झेंडा २०१० मध्येच बदलला आहे आणि कोणता झेंडा कुणाला रुचेल हे आपल्याला इथे बसून ठरवता येणार नाही. नकाशाही घेऊ नये, सीमारेषेच्या एका चुकीवर अर्ज महिनोन् महिने अडतो.

मजकूर मराठी, इंग्रजी आणि ब्रह्मी (म्यानमारची भाषा) या तीन भाषांत असावा असे आपण लिहिता. चांगले आहे, पण ब्रह्मी मजकुराला एक सापळा आहे. म्यानमारमध्ये अनेक वर्षे झॉजी नावाची फॉन्टपद्धती प्रचलित होती आणि तिची अक्षरजुळणी युनिकोडशी जुळत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून तिथे अधिकृतपणे युनिकोडकडे वळण्यास सुरुवात झाली, तरी जुन्या पद्धतीत लिहिलेला मजकूर अजून फिरत असतो. तो आपल्या छापखान्यातील संगणकावर उघडला की अक्षरे ब्रह्मीच दिसतात, पण शब्द मोडलेले असतात, आणि आपल्यापैकी कुणालाच ते कळत नाही. म्हणून तिकडच्या शिक्षकांकडून मजकूर चित्रस्वरूपात मागवावा आणि छपाईपूर्वीची प्रत त्यांना दाखवून ‘बरोबर आहे’ असे लेखी घ्यावे.

कागदाबाबत मी थोडा आग्रही आहे. गावातला छापखाना लग्नपत्रिकांच्या सवयीने गुळगुळीत, चकचकीत आर्ट पेपर सुचवील, आणि त्यावर चित्र खरोखर सुंदर उठते. पण टपालाचा शिक्का त्यावर वाळत नाही. पूर्वी एका संस्थेच्या कार्यक्रमात मी शिक्के मारणाऱ्या कर्मचाऱ्याच्या शेजारी बसलो होतो. पहिल्या पन्नास लिफाफ्यांचा गठ्ठा त्याने एकावर एक रचला, आणि वरून खालपर्यंत प्रत्येक शिक्क्याची तारीख वरच्या लिफाफ्याच्या पाठीला उमटून फरफटलेली निघाली. त्या बिचाऱ्याने उरलेले लिफाफे बाकांवर एकेक पसरून वाळवले, पंखा लावला, तरी बोट लागले की डाग पडतच राहिला. तेव्हा लेप नसलेला, किंचित खरखरीत, नव्वद ते शंभर ग्रॅमचा कागद घ्यावा. छपाई ऑफसेटने किंवा स्क्रीनने करून घ्यावी. घरगुती इंकजेटची शाई आपल्या जुलैतल्या ओलीत पसरते. लिफाफा साधारण बावीस सेंटिमीटर लांब आणि अकरा सेंटिमीटर रुंद ठेवला, तर त्याला बाजारातले तयार प्लास्टिकचे खण मिळतात. उजवीकडचा वरचा चतुर्थांश पूर्ण कोरा हवा. शिक्का कोऱ्या जागेवर पडला तरच वाचता येतो.

तिकीट कोणते लावावे? लोकमान्यांचे १९५६ चे जन्मशताब्दीचे तिकीट लावण्याचा मोह होईल, पण ते आण्यांच्या काळातले आहे आणि १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यानंतर त्या तिकिटाचा टपालखर्चासाठी उपयोग नाही. फिलाटेली ब्युरोत, म्हणजे संग्राहकांसाठी तिकिटे विकणाऱ्या टपाल खात्याच्या केंद्रात, सध्या विक्रीस असलेल्या तिकिटांतून विषयाला धरून असणारे घ्यावे. ते मिळाले नाही तर समुद्र, जहाज, पक्षी असे काहीही साधे चालेल. दर मात्र परदेशी पत्राचा, पूर्ण लावावा.

आता मूळ मुद्द्याकडे, तो लिफाफा खरोखर प्रवास करील कसा याकडे येतो. एका देशाचे तिकीट दुसऱ्या देशाच्या टपालात चालत नाही, आणि कोणतेही डाकघर फक्त आपल्याच तिकिटावर शिक्का मारते. त्यामुळे दोन्ही गावांचे शिक्के एकाच लिफाफ्यावर हवे असतील, तर त्याला दोन प्रवास घडवावे लागतात. मी सुचवीन ती रचना अशी: पुढची बाजू जाण्याची, मागची बाजू येण्याची. पुढे भारताचे तिकीट, रत्नागिरीचा विशेष शिक्का आणि मंडालेच्या शाळेतील एकेका विद्यार्थ्याच्या नावे शाळेचा पत्ता. मागे, मजकुराच्या खाली, ब्रह्मी तिकिटासाठी आखलेली रिकामी चौकट आणि रत्नागिरीच्या शाळेचा छापील पत्ता. लिफाफा तिकडे पोचला की तिथल्या मुलाने पुढच्या पत्त्यावर एक तिरपी रेघ ओढावी, आतले पत्र काढून आपले घालावे, मागे आपले तिकीट लावावे आणि मंडालेच्या डाकघरात जाऊन शिक्का हाताने, स्पष्ट, मारून मागावा. पुढच्या पत्त्यावर रेघ ओढणे विसरले, तर वर्गवारी करणाऱ्याचा गोंधळ होतो आणि लिफाफा पुन्हा मंडालेलाच वाटला जातो, हे मुलांना आधी सांगून ठेवावे.

एका जर्मन पत्रमित्राबरोबर मी हा प्रयोग वीस लिफाफ्यांवर केला होता. सतरा परत आले. त्यांतल्या दोघांवर तिकडच्या यंत्राचा शिक्का इतका फिका होता की भिंगाखालीही गाव वाचता येत नाही, आणि एक कोपऱ्यात दुमडून आला. माझ्या संग्रहातले सगळ्यात जास्त वेळा उघडून पाहिले जाणारे पान त्या सतरांचेच आहे. युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, शहरांच्या जोडीचा सोहळा असला की यंत्रशिक्क्याच्या शेजारच्या पट्टीतच त्या नात्याचा उल्लेख छापण्याची पद्धत होती, त्यामुळे त्या दिवसांत त्या गावातून निघालेले वीजबिलसुद्धा मैत्रीची बातमी घेऊन जात असे. आपल्याकडे ते शक्य नाही, पण पंचवीस मुलांनी पंचवीस खरी पत्रे घातली तर काम तेच होते.

मंडालेबाबत दोन गोष्टी जपून करा. तिकडे २०२१ पासून परिस्थिती अस्थिर आहे, आणि २८ मार्च २०२५ च्या मोठ्या भूकंपाने त्या शहराचे फार नुकसान केले. तेव्हा सेवा सध्या कशी चालू आहे हे हेड पोस्ट ऑफिसात तारीख ठरवण्याआधी विचारा, आणि त्याहून आधी तिकडच्या शिक्षकांना विचारा की हे त्यांना सोयीचे आहे का. पत्रांत मुलांनी घर, शाळा, खाणे, पाऊस, खेळ यांविषयी लिहावे; राजकारणाची एक ओळही नको, कारण तिचा त्रास आपल्याला होणार नाही, त्यांना होईल. टपाल अडलेले असेल तर वर्षभर थांबा. लिफाफे कुणा प्रवाशाच्या बॅगेतून पाठवून तिथे शिक्का मारून आणण्याची सूचना कुणी केली, तर ती स्वीकारू नका असे मी सांगेन.

दिवस निवडताना पावसाळा टाळावा. ९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन, १८७४ मध्ये बर्न येथे जागतिक टपाल संघ स्थापन झाला त्याची आठवण, आणि त्या आठवड्यात खात्याचे कार्यक्रम असल्याने मदत मिळते. पण आपल्याकडे तेव्हा हवेत ओल असते. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. १५ डिसेंबर, थिबा राजाचा मृत्युदिन, मात्र उद्घाटनासाठी घेऊ नये. त्या दिवशी मुलांनी समाधीवर फुले वाहावीत, एवढेच.

राहिला टिकवण्याचा प्रश्न, आणि तो कोकणात खरोखर कठीण आहे. पावसाळ्यात आपल्या हवेतली आर्द्रता पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत जाते, आणि साधारण पासष्टच्या वर गेली की कागदाला बुरशी लागण्याचा धोका सुरू होतो. कागदावर तांबूस ठिपके येतात, ज्याला आम्ही तांबेरा म्हणतो; तो एकदा आला की पूर्ण जात नाही. माझा स्वतःचा एक अल्बम असाच गेला. मऊ, वासाच्या प्लास्टिकच्या खणांत लिफाफे घालून तो लोखंडी कपाटात, पश्चिमेच्या भिंतीला टेकून ठेवला होता. गणपतीत कपाट उघडले तेव्हा खणांच्या आत दव धरल्यासारखे थेंब होते, आणि तिकिटांचा डिंक विरघळून पुढच्या लिफाफ्याच्या पाठीला चिकटला होता. तो सुटा करताना एका तिकिटाचा अर्धा चेहरा गेला.

तेव्हापासून मी पॉलिएस्टरचे, वास नसलेले, दोन बाजूंनी उघडे खण वापरतो. लिफाफे आडवे न रचता पत्त्यांच्या पेटीतल्या कार्डांसारखे उभे ठेवतो, मध्ये आम्लरहित कागदाचे पान घालतो आणि पेटी घरातल्या आतल्या भिंतीपाशी, जमिनीपासून वर ठेवतो. निळ्या दाण्यांचे सिलिका जेल कापडी पिशवीत घालून ठेवावे. दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतावेत, ते पुन्हा निळे होतात. तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या आत टाकण्याची आपल्या घरांत सवय आहे, ती लिफाफ्यांसाठी सोडावी. पावसाळा संपल्यावर कपडे काढतो तसे हे उन्हात घालू नयेत, कारण शिक्क्याची शाई आणि तिकिटाचा रंग दोन्ही फिके पडतात. कोरड्या दिवशी दुपारी, सावलीत, पंख्याखाली तासभर पुरेसे आहे. जुन्या लिफाफ्यावर एखादा ठिपका दिसला तर तो पुसायला जाऊ नका, वेगळ्या खणात ठेवा म्हणजे शेजाऱ्याला लागणार नाही.

किती प्रती काढाव्यात, हे आपण विचारले नाही, तरी सांगतो: जितकी मुले खरी पत्रे लिहिणार आहेत तितक्या प्रवासाच्या, आणि त्याहून थोड्या अधिक शाळेच्या दप्तरासाठी, खात्यासाठी आणि संग्राहकांसाठी. हजारांनी काढलेले लिफाफे दहा वर्षांनी शाळेच्या माळ्यावर सापडतात, हे मी दोन ठिकाणी पाहिले आहे.

छापखान्यात जाताना मूळ लिफाफा नेऊ नका. तो पावसाळ्याआधी, कोरड्या दिवशी, दोन्ही बाजूंनी सहाशे डीपीआयवर स्कॅन करून घ्या, चित्र दोन ठिकाणी साठवा आणि छापणाऱ्याला फक्त ते चित्र द्या. कार्यक्रमाच्या टेबलावरसुद्धा त्याची रंगीत प्रतच ठेवावी. फुले, पाण्याचे ग्लास आणि चंदनाची वाटी ज्या टेबलावर येते, तिथे जवळजवळ नव्वद वर्षांचा कागद ठेवण्यात अर्थ नाही. आणि मोडीतली ती उभी ओळ वाचून झाली की मला अवश्य कळवा. तिच्या शेवटच्या शब्दात मला ‘पाऊस’ असे वाटते, पण खात्री छायाचित्रावरून होत नाही.